कस्तुराबाईंच्या दुकानातला हिरवा बुधला

मित्रांनो, लोणावळ्याच्या स्टेशनावरून बाजारात आलात, की उजव्या हाताला एक सरबताचे दुकान लागते. त्या दुकानाच्या फळीवर, तुम्ही आता पेले घेऊन उभे आहात तिथेच, अगदी मधोमध, मी उभा असतो. मी एक जुना काचेचा बुधला आहे. रंगाने हिरवा, पोटाने मोठा आणि मानेने आखूड. मला पाहून मुलांना हसू येते. परवा एका मुलीने मला 'जेवून उठलेले आजोबा' म्हटले. मला राग आला नाही. जेवून उठलेल्या आजोबांसारखाच मी आता समाधानी आहे.

आज माझ्या पोटात जांभळाचे सरबत आहे. पण माझे आधीचे आयुष्य फार निराळे होते. मी एका दारूच्या दुकानात वाढलो. हे ऐकून तुमच्या घरची मोठी माणसे कपाळाला आठ्या घालतील. घालू द्या. ते दुकान ज्या घराने चालवले, त्या घराची हकिगत मात्र तुम्ही ऐका, आणि मग काय वाटते ते तुमचे तुम्ही ठरवा.

माझा जन्म तळेगाव दाभाड्याच्या काच कारखान्यात झाला. आपल्या देशात आपली काच व्हावी म्हणून लोकांनी एकेक पैसा वर्गणी देऊन हा कारखाना उभा केला होता. तिथे वाळू, सोडा आणि चुना एकत्र करून भट्टीत घालत. त्या भट्टीत मी मधासारखा दाट आणि निखाऱ्यासारखा लाल होतो. गेणू नावाच्या कारागिराने लोखंडी नळीच्या टोकावर मला उचलले, गरागरा फिरवले आणि नळीच्या दुसऱ्या टोकातून फुंकले. त्याचे गाल फुगले, कपाळावर शिरा उभ्या राहिल्या आणि माझे पोट तयार झाले. मित्रांनो, माझे पोट म्हणजे गेणूने सोडलेला श्वास आहे. तो श्वास अजून माझ्या आकारात आहे.

त्यानंतर मला दुसऱ्या, मंद भट्टीत ठेवून हळूहळू थंड केले. नव्या काचेला घाई सोसत नाही. मी पुरता थंड झाल्यावर मला कान्हे गावच्या अंबूबाईंकडे नेले. त्या बुरूडकाम करीत. त्यांनी बांबूच्या हिरव्या कामट्या माझ्याभोवती विणायला घेतल्या आणि विणता विणता माझ्याशी बोलू लागल्या.

"पोटाला कामट्या आन् बुडाला पेंढा. आता पडलास तरी लगेच फुटायचा न्हाईस. पर मुद्दाम पडू नगंस हां."

अशी टोपलीची बंडी घालून मी बाहेरच्या जगात आलो.

मला विकत घेतले ते महिपती शेलार यांनी. महिपती मूळचे मावळातलेच. लोणावळा स्टेशनावर साहेब लोकांची खानपानाची खोली होती, तिथे ते कोठी सांभाळत. कुठली वाईन कशी ठेवायची, बूच कसे निवडायचे, ब्रँडीला ऊन का लागू द्यायचे नाही, हे सारे ते तिथे शिकले. मग त्यांनी सरकारी परवाना मिळवला आणि बाजारात स्वतःचे दुकान काढले. दारावर पाटी लागली: 'महिपती शेलार, वाईन आणि स्पिरिटचे व्यापारी'. ते साल एकोणीसशे चौदा होते.

दुकानात नोकर नव्हता. महिपती आणि त्यांच्या पत्नी कस्तुराबाई दोघेच सारे बघत. मुंबईहून ब्रँडीची लाकडी पिंपे येत. पिंपातली ब्रँडी आधी माझ्यात ओतायची, निवळू द्यायची आणि मग नरसाळ्याने बाटल्यांत भरायची. बूच मारणे आणि त्यावर लाल लाख लावणे हे काम कस्तुराबाईंचे. त्यांची बुचे इतकी घट्ट बसत, की बंगल्यांवरचे बटलर लोक ती पाहूनच बाटली ओळखत. दोघे काम करीत तेव्हा त्यांची छोटी मुलगी इंदिरा माझ्याजवळ बसून माझ्या काचेतून बाजार बघायची. तिला सगळी माणसे हिरवी आणि जाडजूड दिसत.

गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचे होते. हवा खायला आलेले मुंबईचे शेठ, बंगल्यांतले साहेब, घाटात गाड्या चढवणारे इंजिन ड्रायव्हर. शिवाय रेल्वेत कष्टाची कामे करणारी आपली मावळची माणसेही पगाराच्या दिवशी येत.

अशाच एका पगाराच्या दिवशी दुपारी नंदाबाई नावाची बाई दुकानाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. तिचा नवरा मारुती इंजिनात कोळसा टाकायच्या कामावर होता. बायका दुकानाची पायरी चढत नसत, म्हणून महिपतीच खाली उतरले.

"भाऊ, येक मागणं हाय," ती म्हणाली. "आज आमच्या मालकास्नी तुमी काय दिऊ नगा. पोरं सकाळपास्नं उपाशी हाईत."

महिपती अवघडले. "मी हितं इकायलाच बसलोय, नंदाबाई. दारात आलेल्या गिऱ्हाइकाला न्हाई कसं म्हणू?"

"तुमास्नी बी लेक हाय, भाऊ," एवढेच बोलून ती निघून गेली.

संध्याकाळी मारुती आला. अंगाला कोळशाचा वास, मुठीत पगार. त्याने बाटली मागितली.

"आज न्हाई," महिपती म्हणाले.

"का? माल सपला?"

"माल लय हाय. तुला न्हाई देनार."

"माजा पैका खोटा हाय व्हय?" मारुतीने फळीवर हात आपटला. मी मुळापासून हादरलो. अंबूबाईंचा पेंढा नसता तर तिथेच माझी कहाणी संपली असती.

"खरा हाय म्हनून तर सांगतोय," महिपती शांतपणे म्हणाले. "आदी घरात दाणे टाक. पोरं जेवली म्हनून नंदाबाईचा निरोप आला, की मंग ये."

मारुती शिव्या देत गेला. महिपतींनी मला सरळ करून ठेवले. मग कस्तुराबाई म्हणाल्या, "गिऱ्हाईक गेलं."

"गेलं."

"बरं केलंत."

मित्रांनो, त्या दिवसापासून सगळे सुधारले असे मी सांगणार नाही. मारुती पुढेही अनेकदा दुसरीकडून पिऊन येई. पण आमच्या दुकानाची रीत मात्र ठरून गेली. प्यालेल्या माणसाला विकायचे नाही, आणि घरातली चूल पेटल्याखेरीज पगाराच्या दिवशी बाटली द्यायची नाही. काही गिऱ्हाइके तुटली. काही मात्र कुरकुरत का होईना, टिकून राहिली.

पुढे एकोणीसशे अठरा साल उजाडले. पावसाळा सरता सरता मानमोडीची साथ आली. माणसे तापाने फणफणत, मान उचलता येत नसे आणि दोन-चार दिवसांत खेळ आटोपे. बाजार ओस पडला. त्या काळी डॉक्टर ब्रँडीही औषध म्हणून देत, गरम पाण्यातून चमचाभर. गावातल्या वयस्कर डॉक्टरांनी महिपतींकडे ब्रँडी मागितली. महिपतींनी ती विनामूल्य दिली, आणि वर म्हणाले, "मी बी येतो तुमच्या संगं."

कस्तुराबाई घाबरल्या. "तुमी कशापायी जाता? बाटल्या धाडा की."

"बाटली धाडली तर वाटंतच सपंल," महिपती हसून म्हणाले. "चमच्यानं देनारं मानूस पायजे."

रोज सकाळी ते माझ्यातून बाटल्या भरून घेत, पिशवी खांद्याला लावत आणि डॉक्टरांच्या टांग्यातून कामशेत, कान्हे अशा गावांना जात. माझे पोट दिवसेंदिवस रिकामे होत होते. इतके रिकामे असूनही इतके बरे मला कधी वाटले नव्हते. किती माणसे त्या चमच्याने वाचली आणि किती आपल्या नशिबाने, हे मला ठाऊक नाही. आपल्या दारात कोणी तरी आले, एवढ्यानेच काही माणसे उठून बसली असतील.

मग एके दिवशी महिपती स्वतःच तापाने भरलेले परत आले. त्यांनाही चमचा दिला. त्याचा उपयोग झाला नाही.

दुकानाचे दार मिटले. अंधारात मी एकटा उभा होतो. आतल्या खोलीतून छोटी इंदिरा विचारत होती, "आबा कवा उठनार?"

दिवसकार्य झाल्यावर कस्तुराबाईंचे धाकटे दीर हौशीराम आले. ते वडगावकडे शेती करीत. माणूस वाईट नव्हता, पण लोकांच्या बोलण्याला भिणारा होता.

"वैनी, बाईमाणसानं दारूच्या दुकानात बसायचं म्हंजे लोक काय म्हंतील? परवाना सोडून द्या. येक ठेकेदार घ्यायला तयार हाय. तुमी दोगी आमच्याकडं ऱ्हावा."

त्या ठेकेदाराला सारा बाजार ओळखून होता. पगाराच्या दिवशी तो रेल्वेच्या फाटकाशीच बाटल्या देऊन माणूस उभा करी. कस्तुराबाई म्हणाल्या, "भावजी, तुमच्या मनात वाईट न्हाई, ते मला कळतं. पर त्यांनी मांडलेलं त्या मानसाच्या हातात मी देनार न्हाई. मीच चालवीन."

हे बोलणे सोपे होते. परवाना मात्र अबकारी खात्याच्या हातात होता. पुण्याहून साहेब आले. खुर्चीवर बसून त्यांनी दुकान पाहिले, मला पाहिले आणि मग डोक्यावर पदर घेऊन उभ्या असलेल्या कस्तुराबाईंकडे पाहिले.

"बाई, हा धंदा पुरुषांचा. एखादा प्यालेला माणूस अंगावर आला तर तुम्ही काय करणार?"

"प्यालेल्याला हितं उभं करत न्हाईत, साहेब. ही ह्या दुकानाची रीत हाय. आन् मोजमाप म्हनाल तर आजवर बाटल्या मीच भरत आले."

साहेब विचारात पडले. त्यांचा कारकून मान हलवून 'नको' म्हणत होता. एवढ्यात बाहेर गलका झाला. पायरीशी बायका जमल्या होत्या. पुढे नंदाबाई, मागे रेल्वेच्या चाळीतल्या आणखी कितीतरी.

साहेब उठून दारात आले. "दुकान बंद करा म्हणायला आलात ना? समजलं मला."

"न्हाई साहेब," नंदाबाई म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "बंद झालं तर देवच पावला. पर तुमी बंद करनार न्हाई, ते आमास्नी ठावं हाय. हितं न्हाई तर तितं, कुनी तरी इकनारच. मंग ते ह्या बाईच्या हातात ऱ्हाऊ द्या. ही आमच्या मान्सास्नी घरी दाणे टाकल्याबिगर बाटली देत न्हाई. त्यो ठेकेदार बसला, तर आमच्या चुली इझत्याल."

दारुड्यांच्या बायका दारूच्या दुकानासाठी रदबदली करायला आल्या होत्या. साहेबांनी असले काही आधी पाहिले नसावे. ते परत खुर्चीवर येऊन बसले. थोड्या वेळाने कारकुनाला म्हणाले, "वर्षभरासाठी बाईंच्या नावावर करा. पुढचं पुढं पाहू."

त्या वर्षानंतर दर वर्षी परवाना पुढे चालू राहिला. पाटीवरचे नाव महिपतींचेच राहिले, पण बाजार आता त्याला कस्तुराबाईंचे दुकान म्हणू लागला.

माझ्या कष्टाची आणि कौतुकाची वर्षे ती हीच. मी पुन्हा भरलो, पुन्हा रिता झालो. एकदा खंडाळ्याच्या बंगल्यातल्या एका मडमेला मी फार आवडलो. फुले ठेवायला तिने मला मागितले. कस्तुराबाई म्हणाल्या, "हा घरातला हाय, बाईसाहेब. घरातला कसा देऊ?" ते ऐकून मी किती उजळलो असेन! काचेला लाजता येत नाही म्हणून बरे.

पण दुकानाबाहेर कस्तुराबाईंच्या वाट्याला फारसे कौतुक आले नाही. बारशाला, लग्नकार्याला त्यांना कोणी बोलवत नसे. इंदिरा तळेगावला मामांच्या घरी राहून शिकत होती. शाळेतल्या मुली तिला 'दारूवालीची इंदी' म्हणत. सुट्टीत ती घरी येई तेव्हा दुकानात पाऊल टाकत नसे. मागच्या दाराने ये-जा करी. लहानपणी माझ्यातून बाजार बघणारी मुलगी माझ्याकडे बघेनाशी झाली.

आणि मग एकोणीसशे तीसचा उन्हाळा आला. सगळ्या देशात चळवळ पेटली होती. जागोजागी बायका दारूच्या दुकानांपुढे उभ्या राहून गिऱ्हाइकांना हात जोडून परत पाठवीत होत्या. एके दिवशी सकाळी खादीच्या साड्या नेसलेल्या सात-आठ बायका आमच्याही दुकानासमोर येऊन उभ्या राहिल्या. कस्तुराबाईंनी दार उघडले आणि त्या तिथेच थबकल्या. त्या बायकांत त्यांची इंदिरा होती.

मायलेकी एकमेकींकडे बघत राहिल्या. बाजारातले लोक गोळा झाले. आता काय होणार, म्हणून सगळे मजा बघू लागले.

"आई, दुकान बंद कर," इंदिरा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण मान ताठ होती.

"आन् त्यो ठेकेदार? त्याच्या दुकानाम्होरं हाईत का कुनी उभ्या?"

"आहेत. तिथेही आहेत. सगळीकडे उभं राहायचं ठरलं आहे. पण आपल्या घरापुढे मी उभी राहिले नाही, तर दुसऱ्यांना काय सांगू?"

कस्तुराबाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. मला वाटले, आता त्या ओरडतील. पण त्या म्हणाल्या, "उभी ऱ्हा. तुजं बरोबर हाय. पर मी आजच्या आज बंद करनार न्हाई. माजं बी बरोबर हाय. ऊन लय हाय, समद्या जनी पडवीत या."

बायका पडवीत यायला तयार होईनात. दारूच्या दुकानाची सावलीही त्यांना नको होती. त्या उन्हात उभ्या राहिल्या. दिवस चढला. एका बाईला भोवळ आली. तेव्हा कस्तुराबाई आत गेल्या. घरात करवंदांची पाटी होती. करवंदे चुरून, साखर घालून त्यांनी सरबत केले आणि बाहेर आणले.

"ह्या दुकानातलं आम्ही काही घेणार नाही," एक बाई म्हणाली.

"हे दुकानातलं न्हाई. माज्या सैपाकघरातलं हाय."

तरी कोणी हात पुढे करीना. कस्तुराबाईंचा चेहरा उतरला. आयुष्यभर लोकांनी त्यांना नावे ठेवली तेव्हा तो उतरला नव्हता. इंदिराने तो पाहिला. ती रांगेतून बाहेर पडली, कितीतरी वर्षांनी दुकानाची पायरी चढली आणि थेट माझ्यापाशी आली. माझ्यात तळाला थोडी ब्रँडी होती. ती तिने मोरीत ओतली. मग अंगणात नेऊन राखेने, वाळूने, कढत पाण्याने तिने मला घासायला घेतले. माझ्या मानेतून हात जाईना, म्हणून काठीला फडके बांधून आतून पुसले. हुंगून बघे आणि पुन्हा घासायला लागे. कितीदा, ते मी मोजले नाही. वर्षानुवर्षांचा वास असा सहज जात नाही, मित्रांनो. पण जातो.

मला स्वच्छ करून तिने ते सरबत माझ्यात ओतले आणि मला उचलून बायकांच्या मध्ये आणून ठेवले. "हा माझ्या घरातला बुधला आहे," ती म्हणाली. "मी स्वतः धुतला आहे." पहिला पेला तिने स्वतः प्यायला. मग भोवळ आलेल्या बाईने घेतला. मग सगळ्यांनी.

त्या दिवशी दुकान बंद झाले नाही. बायका मात्र रोज येऊन उभ्या राहिल्या, आणि रोज त्यांच्यासाठी मी भरलेला असे. पावसाळा लागल्यावर त्यांचे येणे थांबले. माझ्यातले सरबत थांबले नाही. कस्तुराबाईंनी माझ्यात पुन्हा ब्रँडी कधी ओतली नाही. बाटल्यांच्या एका अंगाला माझी वेगळी जागा झाली. उन्हाळ्यात करवंदे, मग जांभळे, मग कोकम. डोंगरातल्या बायका पाट्या घेऊन मागच्या दारी येत आणि कस्तुराबाई त्यांच्याशी तासन्‌तास गप्पा मारीत. पुढच्या दारी त्यांना असे बोलायला कोणीच नसे.

इंदिराच्या लग्नाचे मात्र जमत नव्हते. दुकानाचे नाव निघाले, की पाहुणे पाणी पिऊन उठत. शेवटी तळेगावच्या शाळेतले मास्तर माधवराव स्वतःच विचारायला आले. कस्तुराबाईंनी आधीच सांगून टाकले, "आमचं दुकान कसलं हाय, ते ठावं हाय ना तुमास्नी?"

"ठाऊक आहे," माधवराव म्हणाले. "आत्ताच तिथलं सरबत पिऊन आलो. आणखी एक पेला मिळेल का?"

असे ते लग्न ठरले.

यानंतर माझे वाईट दिवस आले. दुसरे महायुद्ध सुरू झाले. साखर रेशनवर गेली, तीही पुरेशी मिळेना. सरबत बंद पडले आणि मला माळ्यावर टाकले. देहूरोडला लष्कराचे डेपो होते, तिथले लोक सुट्टीला लोणावळ्यात येत. खाली बाटल्यांचा खळखळाट चाले आणि वर मी धुळीने माखून जाई. उंदरांनी अंबूबाईंची टोपली कुरतडून टाकली. माझ्या मानेत कोळ्याने जाळे विणले. आपण कोणाला हवे आहोत की नाही, हे कळेनासे होते, तेव्हा काच असो वा माणूस, सारखेच वाटत असेल.

त्या काळात एकच गोष्ट मला माळ्यावर बरी वाटली. खाली एक माणूस कस्तुराबाईंना सांगत होता, की तो रंग घातलेले स्वस्त स्पिरिट आणून देईल, शिपायांना फरक कळणार नाही. कस्तुराबाईंचा आवाज आता म्हातारा झाला होता, पण मला तो स्पष्ट ऐकू आला. "ज्याच्या आईनं त्याला लढाईवर धाडलंय, त्याला मी इष पाजू? उठा हितनं."

युद्ध संपले. देश स्वतंत्र झाला. सरकारने दारूबंदी आणायची ठरवली, आणि आमच्या दुकानाचा परवाना पुन्हा मिळणार नाही असे कळले. सरकारी माणसे आली, उरलेल्या बाटल्यांवर त्यांनी मोहोर लावली आणि त्या घेऊन गेली. फळ्या रिकाम्या झाल्या. कस्तुराबाई त्या रिकाम्या फळ्यांसमोर बसून राहिल्या. इंदिरा तळेगावहून धावत आली.

"आई, तुला वाईट वाटतंय?"

"वाईट न्हाई," कस्तुराबाई म्हणाल्या. "नंदाबाई त्या साहेबाला म्हनली हुती, बंद झालं तर देवच पावला. आज त्यो पावला. पर मी आता काय करू, इंदे? ह्या हातांनी दुसरं काय केलंच न्हाई."

इंदिरा शिडी लावून माळ्यावर चढली. तिने माझ्या मानेतले जाळे काढले, मला छातीशी धरले आणि जपून, एकेक पायरी करत खाली उतरवले. पुन्हा राख, पुन्हा वाळू, पुन्हा कढत पाणी. या वेळी दोघी मिळून घासत होत्या. कुरतडलेली टोपली काढली आणि नवी विणून घेतली. मी उजेडात आलो तेव्हा कस्तुराबाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"लेकाचा अजून तसाच हिरवा हाय," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

मित्रांनो, ही एकोणीसशे एकोणपन्नासच्या जांभळाच्या दिवसांतली गोष्ट. पाटी रंगवायला रंगारी आला. 'वाईन आणि स्पिरिटचे' खोडून त्याने 'सरबतांचे' लिहिले. नाव कोणाचे लिहू, म्हणून त्याने विचारले. कस्तुराबाई म्हणाल्या, "नाव ऱ्हाऊ दे. त्यांचंच. जे इकू नये, ते आमी जपून इकलं. आता जे इकावं, ते इकून बघू."

दुकान उघडले त्या दिवशी सकाळी कोणी आले नाही. कस्तुराबाई सवयीने फळीमागे उभ्या होत्या. उन्हे कलल्यावर एक तरुण बाई दोन मुलांना घेऊन पायरीशी आली आणि तिथेच घुटमळली. लोणावळ्यातल्या बाईने त्या पायरीवर पाय ठेवायचा नसतो, हे तिलाही लहानपणापासून ठाऊक होते. मुले मात्र ठाऊक नसल्यासारखी धडाधड वर आली आणि फळीवर हनुवट्या टेकवून उभी राहिली. कस्तुराबाई गोंधळल्या. फळीच्या पलीकडे बाया-मुलांशी कसे बोलायचे, हे त्यांना कधी शिकायलाच मिळाले नव्हते. त्यांनी माझ्यातून पेले भरले. मग त्या फळीला वळसा घालून बाहेर आल्या, दारापर्यंत गेल्या आणि त्या बाईला म्हणाल्या,

"ये गं बाय. आत ये. बस जरा."

ती आली. बसली. तिच्या मागून दुसरी आली. संध्याकाळपर्यंत मी तीनदा रिकामा झालो, आणि कस्तुराबाईंना फळीमागे जायची आठवणही झाली नाही.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात माळ्यावर, अडगळीत एखादे जुने भांडे असेल. त्याला कसला तरी जुना वास येत असेल. ते लगेच भंगारात टाकू नका. त्याच्यात काल काय होते, हे विचारा जरूर. पण तेवढ्यावर थांबू नका. थोडी राख घ्या, कढत पाणी घ्या, पदर खोचा आणि ते घासायला बसा. आणि माणसांच्या बाबतीतही एवढा वेळ काढा. आता पेले खाली ठेवा, तुमच्या मागे लहान मुले उभी आहेत, आणि माझ्यात अजून पुष्कळ सरबत आहे.